टॉवेल-टोपी आणि चाळीस प्रश्न

शैलाने मला मराठवाड्यात नेलं ते माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. ती माझी मामेबहीण. पुण्यात मेंदू आणि मज्जातंतूंची डॉक्टर आहे आणि तिचं अक्षर औषधाच्या दुकानदारालाही लागत नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला चाळीस प्रश्नांचे छापील अर्ज पाठवले होते आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की खाडाखोड चालणार नाही. "वसूताई, तू चल," ती म्हणाली. "मी विचारीन, तू लिही." दुसऱ्यांच्या मजकुरावर रेघा मारण्यात माझी बावीस वर्षं गेली, तेव्हा एकही रेघ न मारता परतायचं, ही कल्पना मला आवडली.

प्रश्न होते मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराबद्दल. हा आजार थंड, ढगाळ देशांतला. आपल्याकडे क्वचित दिसतो, असं पुस्तकांत आहे. तो का होतो हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. म्हणून प्रश्न. रोगी लहानपणी कुठे राहिला, ऊन किती खाल्लं, गोवर कितव्या वर्षी आला, घरात कुत्रं होतं का, विडी कोण ओढतं, दूध किती. आमच्या ओळखीच्या कुणालाही हे प्रश्न विचारले असते तर त्याने आधी विचारलं असतं, लग्न ठरवताय का?

लातूर

लातूरला वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली आहेत, पण नवेपणा अजून उतरलेला नाही. जिथे जागा मिळेल तिथे 'जिल्हा' हा शब्द रंगवलेला आहे. सायकलच्या एका दुकानावरही 'जिल्ह्यातील सर्वात जुने' असं वाचलं.

यंदाही पाऊस नाही. पुण्यात पाहुणा आला की आपण विचारतो, चहा घेणार का? आणि त्याने 'नको' म्हणावं अशी थोडी आशाही बाळगतो. लातुरात तसा प्रश्न पाण्याचा झाला आहे. "पाणी पिता का?" असं प्रेमाने विचारतात आणि पाहुण्याने "आत्ताच प्यालो" म्हणायचं असतं. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी चार घरांचं पाणी पिऊन टाकलं.

शैला आल्याचं कळल्यावर एका संस्थेने तिचा सत्कार ठेवला. तिने पत्रावर नुसती आद्याक्षरं घालून सही केली होती, त्यामुळे डॉक्टर म्हणजे पुरुष, असं समितीने धरलं होतं. इकडे पुरुषाचा सत्कार टॉवेल-टोपीने होतो. अध्यक्षांनी पांढरा सुती टॉवेल तिच्या खांद्यावर ठेवला. मग हातात टोपी घेऊन ते तिच्या अंबाड्याकडे बघत राहिले. शेवटी शैलानेच टोपी त्यांच्या हातातून घेतली आणि पर्समध्ये ठेवली.

भाषणात अध्यक्ष म्हणाले, "आता लातूर कुणाच्या पदराखाली राहिलं नाही. आता आपण जिल्हा आहोत! प्रगत राष्ट्रांत जो रोग आहे, तो आज आपल्याही भागात आहे, आणि त्याची दखल साता समुद्रापलीकडं घेतली जात आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"या टाळ्या कशाला?" शैलाने मला हळूच विचारलं.

"जिल्ह्याला," मी म्हटलं.

नांदेड

नांदेडला गोदावरी आहे, म्हणजे तिची जागा आहे. पात्रात मधोमध एक हिरवट पट्टा आणि त्याच्या दोन्ही काठांना धुणाऱ्या बायका, समोरासमोर, इतक्या जवळ की साबण मागता यावा. सकाळी खाणावळीत सुशीला नावाचा पदार्थ मिळाला. भिजवलेले चुरमुरे, हिरवी मिरची, वर दाण्याचं कूट. आमच्याकडच्या पोह्यांपेक्षा हलका आणि आमच्याकडच्या पोह्यांइतका कौतुक मागणारा नाही.

शैलाच्या ओळखीच्या तिथल्या एका डॉक्टरांनी तीन रोग्यांची नावं काढून ठेवली होती. एक हैदराबादला निघून गेला होता, एकाचा पत्ता लागत नव्हता. उरली सुमित्रा, वय तेवीस, माहेर मुखेड, सासर उदगीरच्या पुढचं एक खेडं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याला महिनाभर अंधारी आली होती, मग आपोआप गेली. नंतर कमरेखाली मुंग्या, उजवा पाय ओढत चालणं. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं होतं आणि निकाल शैलाच्या शंकेला धरून होता.

"नक्की होतं तरी काय या आजारात?" मी विचारलं.

"शेतातल्या मोटारीची वायर बघितलीस? वरचं प्लास्टिक झिजलं की करंट नीट पोचत नाही. मेंदूकडून निघालेल्या तारांवरचं आवरण असं मधे मधे झिजतं. पाय चांगला असतो, डोळा चांगला असतो. निरोप पोचत नाही."

"आणि औषध?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "प्रश्न चाळीस आहेत," ती म्हणाली.

मुखेड

लोहा गावाच्या पुढे रान असं दिसतं की जणू कुणी काळी पाटी फोडून तुकडे जागच्या जागी ठेवले आहेत. भेगांत हात जाईल. बाभळी तेवढ्या हिरव्या, त्याही जरा लाजल्यासारख्या.

मुखेडला बाजाराचा दिवस होता. बैलांच्या बाजूला विकणारेच जास्त. सुमित्राचा भाऊ मारोती सायकली दुरुस्त करतो, त्याचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. शैलाने ओळख सांगितल्यावर त्याने हातातलं चाक खाली ठेवलं, आमच्यासाठी बाकडं पुसलं आणि उभाच राहिला.

"परवा आणायला चाललोय तिला," तो म्हणाला. "कायमचं."

"कायमचं म्हणजे?"

"सासूनं निरोप धाडला. पोरगी कामाला हात लावत न्हाई म्हणं. सकाळी चांगली टणटणीत राहती आन् पाणी आणायची येळ झाली की पाय मोडतात म्हणं. ढोंग करायली म्हणं." त्याने खिळखिळ्या पेडलला उगाच एक झटका दिला. "आता सगळं गाव पाण्याला पळायलंय. एक माणूस बसून कोण खपवून घेतं, अक्का?"

"तिला लहान मुलगी आहे ना?"

"हाव. तीन वर्षांची. ती तिथंच ऱ्हाणार. लेकरू आमचंय म्हणायले."

त्याने आम्हाला भजी आणवली आणि पाणी पिता का म्हणून विचारलं. आम्ही आत्ताच प्यालो होतो.

बहिणीला हा आजार आहे हे त्याला ठाऊक होतं का? डॉक्टरांनी इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. कागद होता, पण कागदाने पाण्याची घागर कशी भरणार?

अर्जाच्या शेवटी एक रिकामा रकाना होता. 'इतर सामाजिक घटक, असल्यास.' बाकड्यावर बसूनच मी तिथे माझ्या चांगल्या अक्षरात एक शब्द लिहिला: 'सासर'. शैलाने वाकून वाचला.

उदगीरच्या पुढे

उदगीरला जाताना बसचं चाक बसलं आणि आम्ही तासभर बाभळीखाली उभ्या राहिलो. कंडक्टरने सगळ्या बायकांना सावलीत घेतलं, पुरुषांना उन्हात ठेवलं आणि याबद्दल कुणी तक्रार केली नाही. पुण्यात यावर पत्रं लिहिली गेली असती.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे मारोती ज्या दिवशी दुपारच्या गाडीने यायचा होता त्याच सकाळी, आम्ही गावात पोचलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. टँकर नुकताच आला होता. अकराचा सुमार. शंभर-सव्वाशे घागरी रांगेत, आणि माणसं घागरींपेक्षा कमी, कारण काहींनी नुसत्या घागरी रांगेला लावल्या होत्या आणि त्यांचा नंबर सगळ्यांना मान्य होता. आमच्याकडे माणसालाही इतका मान मिळत नाही.

सुमित्राला ओळखावं लागलं नाही. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी घेऊन एक सडसडीत बाई चालत होती आणि तिचा उजवा पाय दर पावलाला थोडा उशिरा येत होता. पिंपळाच्या पाराजवळ तो आलाच नाही. घागर पडली, कळशी पडली, मग ती. मातीने पाणी एका घोटात पिऊन टाकलं.

समोरच्या घरातून एक उंच, वाळकी म्हातारी धावत आली. तिने आधी घागर उचलली, आत बघितलं, उलटी केली. मग सुनेकडे वळली.

"सांडलीस? सगळी सांडलीस? आता रातच्याला काय डोळ्यातलं पाणी पिऊ?"

सुमित्रा उठायची धडपड करत होती. "आत्या, पायच..."

"पाय! सकाळी अंगण झाडताना व्हते ना पाय?"

ती गोदाबाई, सुमित्राची सासू. आम्ही पुण्याहून आल्याचं कळल्यावर तिने एका दमात तीन गोष्टी केल्या: सुनेला काखेत हात घालून ओट्यावर बसवलं, आमच्यासाठी घोंगडी टाकली आणि विचारलं, "पाणी पिता का?" त्या बाईने हे विचारावं हे मला तेव्हा नुसतं रीतीचं वाटलं.

सुमित्राचा नवरा नागनाथ शिंपी. ओट्याच्या कोपऱ्यातच त्याचं मशीन होतं. आम्ही आल्यावर त्याने चाक थांबवलं, पण सुईखालचं कापड काढलं नाही. आई आणि बायको यांच्यामध्ये असलेला माणूस जसा बसतो तसा तो बसला होता.

शैलाने प्रश्न सुरू केले. मी लिहायला घेतलं.

"घरात कुत्रं पाळलं होतं का?"

"घरात?" सुमित्रा म्हणाली. "कुत्रं दारात ऱ्हातं, ताई."

"गोवर?"

"आला व्हता. सगळ्यांलाच येतो."

"घरात विडी कोण ओढतं?" नागनाथने खिशावर हात ठेवला. मी लिहिलं.

"पंधरा वर्षांच्या आत दुसरीकडे राहायला गेलीस? स्थलांतर?"

"न्हाई. मुखेडलाच व्हते." मग थोडं थांबून, "सोळाव्याला हितं आले. पण त्ये काय स्थलांतर न्हाई. लगीन झालं."

अर्जात त्यासाठी वेगळी जागा नव्हती. मी स्थलांतरातच लिहिलं.

"सुट्टीत उन्हात पडून राहायची सवय होती का?"

"उन्हात?" तिने शैलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आम्ही चेष्टा करत नाही ना अशी खात्री करून घेतल्यासारखं. "मुद्दाम?"

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. गोदाबाईही हसली, आणि हसल्याचा राग येऊन तिने तोंडाला पदर लावला.

"जिथं ऊन कमी, तिथं हा आजार जास्त, असं काहींना वाटतं," शैला म्हणाली.

"मंग माझ्याकडं कसा आला वाट चुकून?"

"तेच विचारायला आलोय गं."

"आजार!" गोदाबाईला आता राहवेना. "डॉक्टरीणबाई, तुमी लई शिकलेल्या. मला एक सांगा. चैत्रात हिला माहूरला नेली. म्या नवस बोलले व्हते. तळ्यावर आंघूळ घातली, आन् वलेत्यानं गड चढवला. वल्या लुगड्यानं, निथळत. सगळ्या पायऱ्या चढली! म्या धापा टाकायले, ही माझ्याम्होरं. रेणुकामायसमोर ताठ हुबी ऱ्हायली. मला वाटलं, झालं, आईनं ऐकलं. म्या रडले तितं." तिने सुमित्राच्या पायाकडे बोट केलं. "आन् उतरताना निम्म्यात बसली. दुपार झाल्ती, लुगडं वाळल्तं, लोकं बघायलेत, आन् ही बसली. नागनाथानं पाठीवर घेतली. देवीकडं तोंड व्हतं तवर पाय चालले, घराकडं तोंड झालं की मोडले. आता माणसानं काय समजावं?"

सुमित्रा जमिनीकडे बघत होती. ही गोष्ट तिने बऱ्याचदा ऐकली असणार. मी पेन खाली ठेवलं, कारण चाळीस प्रश्नांत याला जागा नव्हती.

शैला मात्र सरळ होऊन बसली होती. "आजी, ते पुन्हा सांगा. वर जाताना लुगडं ओलं होतं?"

"वलं म्हणजे! नवसच वलेत्याचा."

"आणि उतरताना?"

"खडखडीत वाळल्तं."

शैलाने सुमित्राचा पाय पुढे घेतला, बोटं कुठे वळतात ते बघायला तळव्यावर किल्ली ओढली. उजवा डोळा झाकून डाव्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. सुमित्राला वार दिसेना, धुरकट दिसत होतं. मग शैला म्हणाली, "मला थोडं पाणी लागेल."

ओट्यावर कुणी हललं नाही. त्या उन्हाळ्यात, त्या गावात, नुकतीच घागर सांडलेल्या घरी. पुण्यात मी रोज जितक्याने दात घासते तितकं पाणी मागायला मला स्वतःला धीर झाला नसता.

गोदाबाई उठली. आत गेली. कोपऱ्यात माठ होता, त्यावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला, मग तांब्या बुडाल्याचा. तांब्या घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली.

"प्यायला?"

"तिच्या अंगावर घालायला."

मला वाटलं, आता ती तांब्या परत नेणार. तिने शैलाकडे बराच वेळ बघितलं. "वलेत्याचा गुण हाय म्हणता?" तिने विचारलं, अगदी हळू.

"देवीचा नाही म्हणत मी," शैला म्हणाली. "पण हिच्या अंगातल्या तारा तापल्या की बंद पडतात आणि गार झाल्या की थोडा वेळ चालतात. ढोंग करणाऱ्याला हे ठाऊक नसतं. हिलाही नव्हतं."

पर्समधून तिने तो लातूरचा टॉवेल काढला. गोदाबाईने तो तांब्यात बुडवला, एक थेंब खाली न पाडता पिळला, आणि सुनेच्या मानेभोवती, खांद्यांवर घातला. टॉवेलबरोबर पर्समधून टोपीही खाली पडली होती. सुमित्राच्या तीन वर्षांच्या मुलीने, तिचं नाव चिमी, ती उचलली, तांब्यात बुचकळली आणि आईच्या डोक्यावर ठेवली.

"अगं, टोपी घालतीस व्हय मायला! सरपंच केलीस काय?" नागनाथ म्हणाला. त्या सकाळी तो पहिल्यांदा बोलला. सुमित्रा हसता हसता रडत होती, पण टोपी काढली नाही तिने.

आम्ही बसून राहिलो. अर्धा तास तरी गेला. गोदाबाईने टॉवेल दोनदा पुन्हा भिजवला, त्याच तांब्यात, आणि मधे मधे सुपाने वारा घालत होती. सुमित्राने पुन्हा उजवा डोळा झाकला. "आत्या, शुक्कुरवार हाय आज," ती कॅलेंडरकडे बघून म्हणाली. मग उठली. ओट्याच्या पायऱ्या उतरली, पारापर्यंत गेली, वळली, परत आली. पाय अजून थोडा मागे राहत होता, पण येत होता.

गोदाबाई जिथे उभी होती तिथेच खाली बसली. "आन् म्या गावभर सांगितलं," ती म्हणाली. "नळावर, टँकरवर. ढोंगी हाय म्हणून." तिने सुनेचा ओला हात दोन्ही हातांत धरला. "तू तरी वरडायचंस की गं, बेजार झाल्तीस तर."

"वरडले असते तर खरं वाटलं असतं का, आत्या?"

म्हातारीने हात सोडला नाही.

शैलाने त्यांच्यापासून काहीच लपवलं नाही. हे बरं करणं नव्हे. आजार पुन्हा उलटेल, कधी ते सांगता येणार नाही. जास्त होईल किंवा वर्षानुवर्षं थांबेल. उन्हातलं काम नको, सकाळी गारव्यात जमेल ते करावं. ताप आला तर लगेच नांदेडला. विडी घरात नको. गोदाबाईने सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे जात न्हाई?"

"नाही जात, आजी."

"बरं," ती म्हणाली, हवापाण्याची गोष्ट ऐकल्यासारखं. मग मशीनकडे वळून, "नागू, पटक्याचं जुनं कापड हाय न्हवं? दुहेरी करून हिला एक बंडी शिव. बिनबाह्याची. वली करून घालाया."

नागनाथने सुईखालचं अर्धवट कापड ओढून काढलं.

मारोती आला तेव्हा एक वाजत आला होता. बहिणीचे कपडे न्यायला त्याने मोठी रिकामी पिशवी आणली होती. दारात त्याला बहीण दिसली, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, कडेवर लेकरू, आणि तो पायरीवरच थांबला.

"भाकर खाऊन जावा," गोदाबाई त्याला म्हणाली.

"आन् हिला?"

"हिला काय?" तिने चुंबळ डोक्यावर बसवली आणि दोन्ही घागरी उचलल्या. "टँकर निघायच्या आत एक खेप हुती का बघते. पिशवी मोकळी नेऊ नका, तुरीची डाळ देते."

ती उन्हात निघाली. टँकरजवळ कुणीतरी तिला थट्टेने काहीतरी विचारलं असावं, कारण तिचं उत्तर पारापर्यंत ऐकू आलं: "आजारी हाय माझी सून. माझी मी आले. तुला काय करायचंय?"

शैला अर्ज गोळा करत होती. माझ्या शेवटच्या रकान्यातला शब्द तसाच होता, चांगल्या अक्षरात, नीट रेषेवर. मी पेन काढलं आणि तो खोडला. मग खोडलेलंही वाचता येईल म्हणून पुन्हा एकदा, जाड रेघेने.

"खाडाखोड चालत नाही," शैला म्हणाली.

"मग परत पाठवतील," मी म्हटलं.